चादरीतल्या सुया

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मशीन माझ्याकडे आणि मळक्या चादरी सासूबाईंकडे. वॉर्डातून चादरींबरोबर वापरलेल्या सुयाही गुंडाळून यायच्या. चादर चाचपून सुया काढल्याशिवाय सासूबाई ती माझ्या हाती देत नसत. हातमोजे मिळाले, ते त्यांनी खुंटीला अडकवले. म्हणाल्या, "ते घातले की बोटांना काही कळतच नाही गं." काविळीच्या लसीची यादी लागली, त्यात डॉक्टर होते, नर्स होत्या, लाँड्री कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. सापडलेल्या सुया पत्र्याच्या डब्यात जायच्या. नऊ वर्षांत तसे कितीतरी डबे भरले, पण माझ्या बोटाला साधा ओरखडा आला नाही.

परवा सासूबाईंचे डोळे पिवळे दिसले म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवलं.

"हेपॅटायटिस बी आहे, रक्तातून होणारी कावीळ. लिव्हर बरंच गेलंय. मावशी, तुम्हाला कधी सुई टोचली होती का? नीट आठवून सांगा."

सासूबाई हसायलाच लागल्या.



"अहो डॉक्टर, टोचल्याशिवाय सापडणार कशी?"