मागाच्या खोलीतली बशी

गोपाळरावाने पिशवीतून तिसरी बशी काढून ओसरीवरच्या बाजेवर ठेवली आणि सगळ्यांच्या आधी त्याचाच चेहरा उतरला.

बशा काचेच्या होत्या, तळहाताएवढ्या, झाकणाच्या. आत सुताला लावायच्या खळीसारखं काहीतरी गोठवलेलं. आठ दिवसांपूर्वी त्यानेच त्या या घरात तीन जागी अर्धा तास उघडून ठेवल्या होत्या आणि मग झाकून सोबत नेल्या होत्या. हवेत बुरशीचं बी असलं तर ते बशीत पडेल आणि आठ दिवसांत उगवेल, एवढी साधी गोष्ट. स्वयंपाकघरातल्या बशीत चार-पाच हिरवट ठिपके आले होते. ओसरीवरच्या बशीत सात. मागाच्या खोलीतली बशी मात्र धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"पाहा जी," केवळराम म्हणाला. "माझी खोली साफ आहे. हातच्या कांकनाले आरसा कायले?"

केवळराम पवनीतला जुना विणकर. त्याची सून सत्यवती, लग्नाला दीड वर्ष झालेली, त्यातलं सव्वा वर्ष खोकत होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोनदा थुंकी तपासली, क्षय नाही म्हणाले, आणि नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या गोपाळरावाला घराची हवा तपासायला पाठवलं. केवळरामाला यातलं काही मान्य नव्हतं. रोग सुनेने आसगावहून, माहेरातूनच आणला, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. म्हणून तिचा बाप टेकचंद यालाही त्याने आजच बोलावून घेतलं होतं. टेकचंदची बैलगाडी दारात जुंपलेलीच उभी होती आणि सत्यवतीचं गाठोडं गाडीत होतं. अशी पाठवलेली सून परत आणत नाहीत, हे त्या बैलांनाही ठाऊक असावं. नवरा परसराम विणकरांच्या सोसायटीत सरकारी जनता धोतराचं सूत आणायला गेला होता. सूत नेमकं आजच कसं संपलं, ते त्याचं त्यालाच माहीत.

गोपाळराव बशी उजेडाला धरून बघत राहिला. मोकळ्या ओसरीवर सात ठिपके, आणि त्या खोलीत एकही नाही? खोली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. पाय खड्ड्यात सोडून चालवायचा माग, भिंतींना कमरेइतकी ओल, कोपऱ्यांत काळी बुरशी. एकुलती एक खिडकी विटा-मातीने बुजवलेली, कारण कोरडं वारं लागलं की सूत तुटतं. सत्यवती दिवसभर तिथेच बसून सुताच्या कांड्या भरायची. पण बशी खोटं बोलत नाही, असं गेल्या वेळी त्यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं.

"ही पूर्ण अर्धा तास उघडी होती ना?" त्याने विचारलं. "मी शेजारच्या घरी गेलो होतो. झाकणं तुम्ही घरच्यांनीच लावली."

"होती जी," केवळराम म्हणाला. झाकणं लावताना तो घरात नव्हताच, पण उत्तर तयार होतं.

सत्यवती दाराआड उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. सासऱ्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती. तिने फक्त सासूकडे पाहिलं.

जानकीबाई तोंडावरून पदर घेऊन उंबऱ्याशी चरख्यावर कांडी भरत होती. चरखा थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा थांबला. तिला भीती वाटत होती. नवऱ्याची तर होतीच, पण त्या बुजवलेल्या खिडकीचीही होती. खिडकी उघडली तर सूत तुटणार, आणि हे घर त्या सुतावरच जेवत होतं.

टेकचंद उठला. "चाल वो बाई," तो लेकीला म्हणाला.

"थांबा इवाई," जानकीबाई व्याह्याला म्हणाली. "मागापाशची बशी मी झाकली होती. साहेब घराबाहेर पडले अन् लगेच."

"काहून?" केवळराम ताडकन वळला.

"मले खळ वाटली ते. मागापाशी खळ उघडी ठेवते का कोनी? कचरा पडते, सुताले गाठी येते. हातच गेला माझा."

विणकराच्या घरात पोरींना बोलायच्या आधी खळ झाकायला शिकवतात.

गोपाळरावाला हायसं वाटलं. "मग ही बशी बाद. मी दुसरी ठेवतो. आठ दिवस थांबा."

"आठ दिवस कोन थांबते?" केवळराम म्हणाला. "गाडी दारात उभी आहे. घेऊन जा इवाई. बशीचं मागून पाहू."

टेकचंद खाली मान घालून गाडीकडे निघाला. सत्यवती उंबरा ओलांडून बाहेर आली. पायरीवर तिला उबळ आली आणि ती भिंत धरून खोकत राहिली.

जानकीबाईने चरखा बाजूला सारला आणि ती सून नि गाडी यांच्या मधे येऊन उभी राहिली. तोंडावरचा पदर तिने काढला. मग तीही खोकली. कोरडा, खोल, सुनेच्याच खोकल्याची थोरली बहीण शोभेल असा खोकला. तो लवकर थांबेना. केवळरामाने हा खोकला कधी ऐकलाच नव्हता. माग चालू असला की त्या खोलीत दुसरं काही ऐकू येत नाही, आणि ती इतकी वर्षं तेव्हाच खोकून घेत आली होती.

"दुसरी बशी कायले पायजे साहेब?" दम लागलेला असतानाच ती म्हणाली. "मी आहो ना. बावीस वर्सं त्या खोलीत उघडीच आहो."