पाण्याकडे पाठ

"पोरी, तुला दगड बांधून टाकली तरी तू वर येशील," नानासाहेब म्हणाले. "जॅकेटची खात्री कशी पटायची?"

ओलीचिंब स्वरूपा स्विमिंग पूलच्या काठावर आली. पवना धरणावर नानासाहेबांच्या होड्या होत्या, आणि त्यांना लाइफ जॅकेटं हवी होती. म्हणून वाकडच्या सोसायटीच्या पूलवर ही चाचणी. ऑर्डर मिळाली तर जॅकेटं शिवणारी चाकणची शेड टिकणार होती. नाहीतर स्वरूपा आणि तिचा भाऊ दिग्विजय पुन्हा नोकरीच्या दारात. नानासाहेबांची अट साधी होती. कारखान्यातलाच, पण पोहता न येणारा माणूस खोल पाण्यात उतरला पाहिजे.

तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पोहण्याच्या वेडातून काढलेला धंदा, त्यामुळे कामावर सगळी तलावावरचीच दोस्तमंडळी. शिलाईवरची कस्तुरासुद्धा राज्य पातळीवर पोहलेली. दिग्विजयने कपाळावर हात मारून घेतला.

"मी हाय की," मागून आवाज आला.

ते अप्पा होते. रहाटणीचे बबनराव, भावंडांचे वडील. उभा जन्म कंपनीत माल तपासण्यात गेला, आणि आता जॅकेटचा एकेक टाका ओढून बघत. आज मात्र आल्यापासून पाण्याकडे पाठ करून फाटकाशी बसले होते. ती पाठ स्वरूपाला लहानपणापासून ठाऊक होती. तिला मेडलं मिळाली, पेपरात फोटो आला, पण अप्पा एकाही स्पर्धेला फिरकले नाहीत. आपल्या पोहण्याचं त्यांना कौतुक नाही, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं. ते अजून सलत होतं.

बबनरावांनी चपला काढल्या, जॅकेट चढवलं, पट्टे दोनदा आवळले आणि डोळे घट्ट मिटून उडी टाकली. नानासाहेबांची विजार भिजली. क्षणभर नुसते बुडबुडे दिसले, मग अप्पा भोपळ्यासारखे वर आले. नानासाहेब पोट धरून हसले आणि माल कधी पाठवता म्हणून दिग्विजयला विचारू लागले.

स्वरूपा काठावर गुडघे टेकून बसली. "अप्पा, नदीकाठच्या गावातले तुम्ही, आणि पोहता येत नाही? कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू बुडाय लागलीस तर काठावर हुबं राहून मी काय करनार व्हतो? म्हनून येत नव्हतो." अप्पांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि जॅकेटवर थाप मारली. "आता पुढची स्पर्धा कधी हाय, सांग. ह्ये घालून येतो."