साठ जीबी, पाच वाजायच्या आत

"सतरा तास," सून म्हणाली. "आबा, हा सतरा तास दाखवतोय."

दुपारचे दोन वाजले होते, आणि पाचला विद्यापीठाची गाडी येऊन तिची हार्ड डिस्क घेऊन जाणार होती. डिस्कवर साठ जीबीचे व्हिडिओ होते. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या, हातांनी बोलायच्या जुन्या खुणा तिनं चार वर्षं दारोदार फिरून टिपल्या होत्या. त्यातले दोघं आता हयातही नव्हते. डिस्क हातातून जाण्याआधी घरात एक प्रत राहावी एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि तेवढी जागा फक्त आबांच्या कॉम्प्युटरवर होती.

आबा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर त्यांनी विजेचे मीटर दुरुस्त केले, आणि निवृत्त झाल्यावर मुलानं भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवून त्याला पुन्हा उभं केलं. त्याला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

"सेकंदाला एक एमबी? हा तर चमच्यानं हौद भरतोय," ते खुर्ची ओढत म्हणाले. "थांब, दहा मिनिटं दे."

"कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाला विचारू का?"

"तो काय सांगणार! नवा घ्या म्हणेल."

दुसरं काही चालू आहे का, ते त्यांनी पाहिलं. काही नव्हतं. डिस्कची तपासणी केली, डिस्क ठणठणीत. मग खणातली जाडजूड नवी वायर काढून लावली. आकडा जागचा हलेना. तीन वाजले.

"या डब्यामुळे तर नसेल?" सुनेनं टेबलावरच्या हबकडे बोट केलं. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, सगळ्यांच्या वायरी त्यात शिरत होत्या. आबांनी त्या दोऱ्यानं बांधून प्रत्येकीला चिठ्ठी डकवली होती.

"तो? वीस वर्षं झाली, एक तक्रार नाही त्याची. दोष तुझ्या डिस्कमध्येच आहे. स्वस्तातली घेतलीस."

सून वळली. चहा टाकायला आत गेली, ती भांडी जरा जोरातच वाजली.

आबांनी मग कॉम्प्युटरची नोंद उघडली. काय कधी जोडलं, कसं चाललं, हे तो स्वतःच ओळीओळीनं लिहून ठेवतो. डिस्कच्या ओळीत लिहिलं होतं : फुल स्पीड. आबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हे नाव जुन्या काळचं. तेव्हा याहून वेगानं काही धावत नव्हतं, म्हणून ते 'फुल'. डिस्क पळायला तयार होती. हबनं तिला आपल्या चालीनं चालायला लावलं होतं.

वायर मुकाट्यानं हबमधून काढून कॉम्प्युटरच्या मागच्या, वेगवान निळ्या खाचेत लावली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. आबांनी वायरीकडे नेलेला हात मागे घेतला. मग त्यांनी हाक मारली.

"डबाच होता. माझाच." सून दारात आली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या डिस्कला उगाच बोल लावला."

"स्वस्तातल्या?" तिनं हसू दाबत विचारलं.

"आता लावतेस का वायर, की माफीनामा लिहून देऊ?"

ती टेबलाखाली वाकली, वायर लावली. काम थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. सेकंदाला एकशे दहा एमबी! आबांनी मांडीवर थाप मारली. चहाचे कप रिकामे होऊन थोड्या गप्पा होईपर्यंत सगळं उतरलं होतं. दोन्हीकडच्या फायली ताडून पाहिल्या. एकही कमी नव्हती.

"एक उघडून बघू," ती म्हणाली.

पडद्यावर एक म्हातारा शिंपी मशीनशेजारी बसला होता. त्यानं डावी मूठ कानाशी नेली आणि उजव्या हाताची तर्जनी हवेत गोल फिरवली. बोट मागे आलं. पुन्हा फिरलं.

"ही फोनची जुनी खूण, चकती फिरवायच्या फोनची. आताची मुलं अंगठा नि करंगळी कानाला लावतात," सून म्हणाली.

आबा पुढे सरकले. "पहिल्यापासून लाव बघू. अगं, हा नुसती खूण नाही करत. हा नंबर फिरवतोय."

"नंबर?"

"बोट किती लांब जातंय ते बघ. हा दोन. हा सात."

"पण आबा, त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ते कुणाला फोन करणार?"

"कुणाला तरी फिरवताना बघितलं असेल. रोज."

तिनं हातासरशी कागद ओढला. दोन, सात, चार, चार. शिंप्याचं बोट शेवटचं निघालं आणि जवळजवळ पुरा वळसा घालून खाली टेकलं.

"शून्य," आबा म्हणाले. "याला सगळ्यात जास्त वेळ लागायचा."

ते बोट हवेतून सावकाश जागेवर परत येईपर्यंत दोघंही थांबून राहिले.