वरच्या घरची हाक

दोन मजल्यांमधल्या हवेच्या डक्टमध्ये पत्रा ठोकायचा हुकूम तुमचा होता, साहेब. हात त्या सफाईवाल्याचे होते म्हणून दोष त्याच्यावर ढकलू नका. धूळ अडवायला बारीक जाळी पुरली असती. पण तुम्ही खुर्चीत बसून ठरवलंत की एका घरची हवा दुसऱ्या घरात जाता कामा नये. त्याआधी किती घरांत डोकावून आलात? एकाही नाही.

तो शिडीवर होता. सकाळचे सात वाजून गेले होते. छताजवळची जाळी काढून त्याने डक्टमध्ये ब्रश सारला, व्हॅक्यूम चालू केला. धूळ पिशवीत येऊ लागली. राखाडी, मऊ, एकसारखी. बारा वर्षं लोकांच्या घरातले डक्ट साफ करून त्याला एवढं कळलं होतं, की भरल्या घराची धूळ रंगीबेरंगी असते. तिच्यात दोरे निघतात, लांब-आखूड केस निघतात, खेळण्याचं चाक निघतं. एकट्या माणसाची धूळ राखाडी.

"वरती पत्रा बसवणारच का?" शिडीखालून त्या घरातल्या आजोबांनी विचारलं.

"बसवावा लागतो."

"थोडी फट ठेवा की. बोटभर."

"बोटभर फट ठेवली तर नोकरी हातभर लांब जाईल, आजोबा."

आजोबा हसले. हसता हसता खोकले. मग म्हणाले, "वरती गोकुळ नांदतंय हो. सगळं ऐकू येतं ह्या डक्टमधून. नऊच्या ठोक्याला सूनबाई सासऱ्याला सांगते, गोळी घेतली का? गॅस बंद केला का? आभाळ आलंय, छत्री घ्या. तो ऐकतो की नाही देव जाणे. मी ऐकतो. दोन वर्षांत एकदाही भिजलो नाही."

"सासरेबुवा काय म्हणतात?"

"हूं नाही की चूं नाही. माजलाय म्हातारा! एवढं कुणी विचारणारं असतं, तर मी..." पुढचं आजोबांनी गिळलं आणि वाचनालयात जायचे कपडे काढायला कपाट उघडलं.

पत्रा वरच्या मजल्यावरून बसवायचा होता. दार पन्नाशीतल्या एका बाईने उघडलं. त्याने आधी डक्ट साफ केला. पिशवीत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

राखाडी.

ओट्यावर एकच कप पालथा घातला होता. दाराशी चपलांचा एकच जोड होता. डक्टच्या जाळीखाली एक स्टूल होतं, आणि त्याची बैठक पावलांनी झिजली होती.

"बाकीची मंडळी बाहेर गेलीत का?"

"कुठली मंडळी?" बाई म्हणाली.

त्याने विषय वाढवला नाही. नसलेल्या सासऱ्याशी बोलत असेल बिचारी. एकटेपणाने डोक्यावर परिणाम होतो, त्याने पाहिलं होतं. त्याने पत्रा उचलला. तेवढ्यात डक्टमधून खोकला आला, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. त्याने पत्रा दाबून धरला, स्क्रू पिळले, कडेने सिलिकॉन फिरवलं. खोकला मध्येच तुटला.

"थांबला?" बाईने विचारलं.

"आवाज थांबला, बाई. खोकल्याचं मी काय सांगू?"

पुसलेला ओटा तिने पुन्हा पुसला.

आता तपासणी. वरून एकाने हाक मारायची, खाली दुसऱ्याने कान द्यायचा. ऐकू आलं तर काम नापास. हे दोन माणसांचं काम, साहेब. दुसरा माणूस तुम्हीच कमी केलात. म्हणून त्याने बाईलाच सांगितलं, "मी खाली जातो. नऊ वाजता जाळीपाशी तोंड नेऊन काहीतरी बोला. मोठ्याने."

"नऊला मी बोलतेच," ती म्हणाली.

खाली आजोबा बूट घालून तयार होते. नळाला पाणी यायची वाट बघावी तसे जाळीखाली मान वर करून उभे होते. नऊ वाजले. नऊ वाजून पाच मिनिटं झाली. एक शब्द आला नाही. काम चोख झालं होतं.

"आज विसरली वाटतं," आजोबा म्हणाले. मग मान तशीच वर ठेवून, "की आजारी आहे?"

इथे तो बोलू शकला असता. त्याने फॉर्म पुढे केला. 'आवाज येत नाही' ह्यापुढे बरोबरची खूण केली. आजोबांनी सही केली आणि दोघे एकदमच बाहेर पडले. दार ओढताना आतल्या खुंटीवरची छत्री त्याला दिसली. जिन्याच्या खिडकीत आभाळ काळं झालं होतं. फॉर्मवर छत्रीचा रकाना नव्हता.

आजोबा खाली उतरले. तो दुसऱ्या सहीसाठी वर गेला. दार उघडंच होतं. बाई स्टुलावर उभी होती, जाळीला तोंड लावून. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. ती खाली उतरली, दारापर्यंत आली. त्याने पेन पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"काहीच नाही ऐकू गेलं?"

"काहीच नाही. पास झालं काम."

"गोळी ते सकाळीच घेतात, त्याची काळजी नाही," ती म्हणाली. "छत्री घेतली का त्यांनी?"

साहेब, तिची सही तुम्हाला हवी आहे ना? ती दारात उभी आहे. आधी तिला उत्तर द्या.