दोन हाका

"ताडपत्री माही, तांदूळ तुहे," लहानूभाऊ म्हणाला. "अन् मीठ बी मीच घेतो. मांगं एका खेपी तू इसरला, तं एवढाले मासे अन् सारे अळणी! कुत्रं बी हुंगून चाललं गेलं."

हेमराज हसल्यासारखं करून राह्यला. वट्यावर बसून तो मासे धराच्या गरीले कोंबड्याच्या पिसाची माशी बांधत होता. कोजागिरी झाली का डोंगरातल्या नाल्याचं पाणी निवळते. खालचा मासा मंग असल्या खोट्या माशीवर बी झेप घेते. भामरागडकडचा तो डोह, दोन राती मुक्काम, दर सालचं ठरलेलं. मांगच्या साली तिघं गेल्ते. तिसऱ्याचं, गोपालचं, मढं बाजीवर टाकून आणलं.

"जायचंच का, भाऊ?"

"काऊन? गोपालचा पाय घसरला. डोहाशी का आपलं भांडण हाय? अन् नाई गेलो तं लोक म्हणतीन, यायच्या मनात काई काळं हाय."

हेमराजनं गाठ आवळली. धागाच तुटला.

तेवढ्यात गोपालची बायको आली, कुंता. लहानूनं तिच्या तांबड्या कोंबड्याची पिसं मांगितली होती. तिनं पदरातली मूठभर पिसं सुपात टाकली अन् तिथीच खाली बसली.

"हेमराजभाऊ, एक विचारू? त्या सांजी त्यायनं हाक मारली होती का?"

"सांगतलं ना बाई तुले," लहानूच बोलला. "घसरला अन् गेला. हाक माराले टाइम कुठी होता?"

"तुमाले नाई विचारलं."

त्या सांजी लहानू खाली चुलीपाशी होता, अन् हेमराज एकटाच लाकडं तोडाले गेल्ता. वरून, डोहाच्या अंगानं, आवाज आला, "हेमराजाऽ." मंग अजून एकदा. तो मोळी खांद्यावर घेऊन तसाच उभा. इकडं जंगलात जाणाऱ्या लेकराले पह्यलं हेच शिकवतात. दोन हाकेले ओ द्यायची नाई. माणूस असंन तं तिसरी मारते. दोन मारून थांबते, ते माणूस नसते. तो तिसरीची वाट पाहत राह्यला. पाखरं झाडावर बसली तरी आली नाई. मंग देवाचं नाव घेत खाली उतरला, अन् कोणाले काई बोलला नाई. लहानूले बी नाई.

"मारली होती," तो म्हणाला.

"अबे..." लहानू अर्धवट उठला.

"किती?" कुंतानं विचारलं.

"दोन."

हेमराज वाट पाहत होता, आता ती शिव्या देईन, वट्यावर डोकं आपटंन. सुपातलं एक पीस वाऱ्यानं उडालं, तं तिनं ते धरून परत ठेवलं.

"मले बी येते, भाऊ," ती म्हणाली. "रोज सकाळी, आंगण झाडतानी, आंबाडीच्या अंगानं. कुंता वो. कुंता वो. अन् बंद. सालभर झालं, मी ओ नाई देल्ली. म्हटलं, हे ते नोहेत. दुसरंच काई तरी हाय."

लहानू खाली बसला.

कुंतानं हेमराजकडं पाह्यलं.

"आता तुमीच सांगा. उद्या ओ देऊ का नको?"