दोन पायांत दोन बूट

छकुलीनं डाव्या पायात एक बूट घातला आणि उजव्या पायात दुसराच.

डावा आखूड, जाळीचा. आत आलेलं पाणी लगेच बाहेर टाकणारा. उजवा घोट्याच्या वर चांगला चार बोटं चढलेला. पाणी आतच येऊ न देणारा. दोन्ही जोड आल्हादनं आपल्या सायकलच्या दुकानातून आणले होते. उरलेला एकेक बूट त्याच्या हातातल्या पिशवीत होता.

"हे काय वं छकुले? दोन पायांत दोन?" पंजाबरावनं विचारलं.

"त्याबिगर समजनार कसं, बाबा?"

जानेवारी सुरू होता. दोन दिवसांपासून अवकाळी पाऊस लागला होता. सगळा जिल्हा त्याच्या नावानं बोटं मोडत होता, आणि पंजाबरावची ही एकवीस वर्षांची पोरगी महिनाभर त्याचीच वाट पाहत होती. राजूर घाटाच्या कडेला तिघं उभे होते. वारा कानाला झोंबत होता. समोर पायवाट थेट खाली नाल्यात उतरत होती आणि पलीकडच्या टेकडीवर चढत होती.

पंजाबरावनं पोरीला सायकलवर पाहिलं होतं ते फक्त देऊळघाटातल्या सडकेवर. इथं सडक कुठंच नव्हती.

"तू जानार कुठून?"

"हे काय, इथून," ती म्हणाली, आणि गेली.

तो "थांब" म्हणेपर्यंत ती वीस हात खाली होती. सायकल दगडावरून दगडावर आदळत होती. ती बसलेली नव्हतीच. दोन्ही पायांवर उभी होती, गुडघे वाकवून, आणि सायकल तिच्याखाली जनावरासारखी उसळत होती. एका वळणावर मागचं चाक सुटलं. पंजाबरावनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती नाल्यापाशी पोचली होती.

तिथं ती उतरली आणि सायकल धरून पाण्याच्या मधोमध उभी राहिली. पाणी घोट्याच्या वर होतं. ती हलेना.

"अडकली का थे?"

"नाही काका. मुद्दाम उभी हाय. बूट पुरा भिजाले पाह्यजे."

"अशा पान्यात?"

आल्हादनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "मागच्या साली हिमाचलातल्या सायकलच्या शर्यतीत तिसऱ्या दिवशी तिच्या पायाची बोटं बधिर झाली होती. पायाखाली पायंडल हाय का नाही, तेच समजेना. तशीच बारा किलोमीटर गेली. मंग पडली. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, अजून एक घंटा असती तर दोन बोटं कापा लागली असती."

पंजाबरावनं त्याच्याकडं पाहिलं. घरी तिनं शर्यत सुटली ती सायकल बिघडली म्हणून, असं सांगितलं होतं.

"आता पुन्हा जानार हाय तिथं?"

"पुढच्या महिन्यात."

खाली छकुली नाल्यातून बाहेर आली. पलीकडची चढण चिखलाची होती. सायकल चालेना, तेव्हा तिनं ती खांद्यावर घेतली आणि चढू लागली. एकदा गुडघ्यावर पडली. खांद्यावरची सायकल तिनं टेकू दिली नाही. मग ढग खाली उतरला आणि टेकडी, वाट, पोरगी सगळंच पांढरं झालं.

पंजाबराव पांढऱ्याकडं पाहत राहिला. कापूस वेचताना आईच्या मागं मागं फिरणारी, काटा रुतला तर अख्खं शेत डोक्यावर घेणारी, ती हीच.

अर्ध्या तासानं ती खालून वर आली. ओठ निळे पडले होते. ती दगडावर बसली, पण बोटांना बुटांचे बंद सुटेनात. पंजाबराव खाली बसला आणि त्यानं ते सोडले.

"बाबा, हात लावून पाहा. कोन्ता गरम हाय? माह्या हाताले काहीच समजून नाही राह्यलं."

त्यानं दोन्ही पाय हातात घेतले. डावा बर्फाच्या लादीसारखा होता. उजवा ओलसर होता, पण ऊब होती त्यात. तळव्यांना घट्टे पडले होते, नांगरामागं चालणाऱ्या माणसाला पडावेत तसे. एका अंगठ्याला नखच नव्हतं. तान्ही असताना ती एवढासा पाय पाळण्याबाहेर काढायची, तेव्हा तो याच हातात मावायचा.

"उजवा गरम हाय," तो म्हणाला.

"मंग ठरलं?" आल्हादनं विचारलं. "उंचवाला?"

"नाही ठरलं. काढ थे पिशवीतले." तिनं कोरडे मोजे चढवले. "डाव्यात उंचवाला घालतो आता, उजव्यात जाळीचा. माहा डावा पायच थंड राह्यत असला तं? बूट वेगळा का पाय वेगळा, हे समजाले नको?"

पंजाबराव तिला थांबवणार असं आल्हादला वाटलं. तसं झालं नाही. पंजाबरावनं डाव्या बुटाचे बंद स्वतः आवळले, आत बोट घालून पाहिलं, आणि म्हणाला, "एक नंबर मोठा घे. जाड मोज्याले जागा नाही राह्यत."

छकुलीनं बापाकडं चमकून पाहिलं. मग सायकल उचलली आणि ढगात शिरली. चाकांचा आवाज दगडांवरून खाली खाली जात राहिला.

पायवाटेनं एक बकऱ्यावाला वर आला. त्याच्या बकऱ्या बुजून इकडंतिकडं पांगल्या होत्या. तो धापा टाकत म्हणाला, "वाघ गेला का काय हो माह्या बाजूनं? काय चालू हाय इथं?"

पंजाबरावनं ढगावरची नजर काढली नाही.

"काही नाही भाऊ," तो हळूच म्हणाला. "पोरगी बूट पाहून राह्यली."