आर्नेंचा गाभा

प्रोग्रॅममधली ती दिनदर्शिका पडद्यावर नखाएवढी दिसायची. पण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यायची म्हटलं, की फ्रेमवर्कचा, म्हणजे सगळा प्रोग्रॅम ज्या सांगाड्यावर उभा होता त्याचा, अख्खा गाभा तिच्यामागे फरफटत यायचा. तिला मोकळी करू, असं प्रोग्रॅमर योन्ना म्हणाली की तिची टीमप्रमुख सिर्का हिचं उत्तर ठरलेलं असे, "आर्नेंनी रचलंय ते. काहीतरी विचार असणारच."

आज निवृत्त आर्ने तांपेरेच्या ऑफिसात कॉफीला आले. वेलदोड्याचा पाव मोडता मोडता पडद्याकडे पाहून ते थबकले.

"अगं, ही अजून गाभ्यालाच बांधलेली?"

"तुम्हीच बांधलीत ना?" सिर्का म्हणाली.

"घाईत टाचली होती गं! सोमवारी उसवणार होतो, तर तुम्ही शुक्रवारीच निरोपाचा केक कापलात. मग कुणी साधं विचारलंही नाही मला?"

योन्ना कपात पाहत राहिली. ती हसली असती तर परवडलं असतं. सिर्काचे कान तापले. मागे एका वाचनालयाने त्यांच्या प्रोग्रॅमसाठी फक्त ही दिनदर्शिका मागितली होती. 'जमणार नाही' हे तिने त्यांना योन्नाकडूनच कळवलं होतं.

"योन्ना," ती म्हणाली, "सोडव तिला गाभ्यातून. आणि वाचनालयाला फोन मी करते."